कागदाशिवाय घंटा नाही

इंदापुरातली जुनी माणसं थिएटरची एक सोपी परीक्षा सांगत. घरची बाई जिथं तिकीट काढून बसते ते नाटकाचं थेटर, आणि जिथून जाताना ती पदर ओढून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालते ते नुसतंच थेटर. आमच्या वाचनालयाच्या मागची इमारत आधी पहिल्या प्रकारात होती, मग दुसऱ्या प्रकारात गेली. मी तिथं नोकरीला लागले तेव्हा ती दोन्हींत राहिली नव्हती. तिच्यात खताची पोती होती.

नोकरी म्हणजे सहायक ग्रंथपालाची. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी कन्हेरीची. बारामतीच्या कॉलेजातून बी.ए. झाले होते, आणि आमच्या घरात, चुलत्यांत, मामांत माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. मग ती गेली, थोडी जमीन राहिली. पदवीचं प्रमाणपत्र मी काचेच्या चौकटीत बसवून दारासमोरच्या भिंतीला लावलं होतं, म्हणजे आत येणाऱ्याला आधी ते दिसावं. यात मला आजही काही गैर वाटत नाही. रोज सकाळी बारामतीहून एसटी. निमगाव केतकीला बाजाराच्या दिवशी गाडीत पाट्या आणि कोंबड्या चढत, आणि कंडक्टर त्या गर्दीतून मला 'म्याडम, सरकून घ्या' म्हणायचा. सरकायला सांगतोय याचं काही वाटत नसे, म्याडम म्हणतोय एवढं ऐकू येई.

थिएटर वाचनालयाच्याच ट्रस्टचं. माझ्या आजोबांच्या काळात कुणा नाटकवेड्या व्यापाऱ्यानं ते बांधून दिलेलं. दगडी चौथऱ्याचा रंगमंच, सागवानी खांब, वर पत्रा, आणि मागच्या अंगाला बायकांसाठी वेगळा जिना. बायका रस्त्यावरून थेट त्या जिन्यानं माडीवर जात आणि तिथून नाटक बघत. खालच्या पुरुषांची आणि त्यांची गाठ पडत नसे. मी आले तेव्हा त्या जिन्याच्या दारात विटा रचून भिंत घातलेली होती. तमाशाचे फड या थिएटरात यायला लागले त्या वर्षी ती घातली असं सांगत. बायका येणारच नाहीत तर दार कशाला, असा विचार.

इमारतीची राखण एक म्हातारे पडदेवाले करीत. पडदा ओढणं आणि घंटा देणं हे त्यांचं जन्मभराचं काम. सगळे त्यांना तात्या म्हणत. नट जिथं तोंडाला रंग लावत त्या रंगपटाच्या खोलीत ते राहत. ट्रस्टनं चार वर्षांपूर्वी प्रेक्षकांची बसायची जागा एका खतवाल्याला भाड्यानं दिली होती, रंगमंच दिला नव्हता, आणि हा फरक पाळला जातो की नाही हे बघायला तात्या होते. पोत्यांची थप्पी त्यांनी पहिल्या रांगेपाशी अडवली होती. हमालाला चौथऱ्यावरून मागच्या दाराकडं जायचं असेल तर पायरीशी चपला काढाव्या लागत. पाठीवर पन्नास किलोचं पोतं आणि खाली माणूस अंगठ्यानं चप्पल चाचपून काढतोय, हे मी खिडकीतून बघे आणि मला हसू येई. एका नव्या हमालानं एकदा विचारलं की इथं देव कुठं हाय. तात्या म्हणाले, "देव न्हाय. पर चप्पल काढ."

त्या उन्हाळ्यात तहसीलमधून पत्र आलं. गावातल्या सार्वजनिक जागांची यादी नव्यानं व्हायची होती. आमची इमारत 'रंगमंच' या रकान्यात धरायची की 'गोदाम' या, ते ठरायचं होतं. रंगमंच म्हणून लागली तर तिचं दुसरं काही करता येणार नव्हतं. गोदाम म्हणून लागली तर खतवाला सगळीच इमारत घ्यायला तयार होता. माणूस वाईट नव्हता, सरळ होता. त्यानं ट्रस्टच्या बैठकीत उघड सांगितलं की दगडी चौथरा फोडायला लागेल, त्याशिवाय ट्रक मागच्या दाराशी लागत नाही.

ट्रस्टचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांना थिएटर राखायचं होतं, पण बैठकीत निम्मी माणसं खतवाल्याच्या बाजूची होती. गुरुजी म्हणाले की अर्ज पक्का झाला पाहिजे, आणि तो तुम्ही लिहा, तुम्ही शिकलेल्या आहात. मला दुसरं काय हवं होतं?

मी आठ दिवस त्या अर्जावर घालवले. टेप घेऊन रंगमंच मोजला. एका हमालाला टेपचं दुसरं टोक धरायला लावलं, तर त्यानंही आधी चपला काढल्या. दारं मोजली, खांब मोजले, पडदे किती आणि कशावर काय रंगवलंय ते लिहिलं. एका पडद्यावर राजवाडा होता, एकावर जंगल, एकावर रस्ता. रस्त्याच्या पडद्याला उंदरांनी भोकं पाडली होती. मग इतिहास लिहिला. व्यापाऱ्यानं थिएटर बांधलं, बाहेरच्या कंपन्यांची संगीत नाटकं झाली, पुढं गावातल्या हौशी मंडळींनी नाटकं बसवली, शिक्षक आणि वकील त्यात कामं करत. हे सगळं वाचनालयाच्या जुन्या इतिवृत्तांत होतं. हौशी मंडळींचं शेवटचं नाटक झालं त्याला एकवीस वर्षं झाली होती.

त्यानंतर तमाशा. इथं माझा हात थांबला असं लिहिलं तर ते खोटं होईल. तो थांबला नाही. मी ती वर्षं सरळ सोडून दिली आणि शेवटच्या परिच्छेदावर आले. लिहिलं की सदर वास्तू सभ्य व कौटुंबिक नाट्यप्रयोगांसाठी बांधलेली असून ती त्याच कारणासाठी राखावी. टायपिंगच्या क्लासमध्ये बसून स्वतः टाइप केलं, एकही खाडाखोड नाही. गुरुजींनी वाचलं, दुसऱ्या पानावर जरा थांबले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, बरं केलंत.

का सोडलं ते सांगते. माझे वडील तमाशात तुणतुणं वाजवत.

आम्ही त्यांना आबा म्हणतो. एका लहान फडात ते मागं उभे राहून तुणतुणं वाजवायचे आणि झील धरायचे, म्हणजे पुढची बाई गाते तिची ओळ पाठीमागून उचलून उंच स्वरात लांबवायचे. दसऱ्याला जायचे ते वैशाख संपता संपता परतायचे. पावसाळाभर शेत. आई म्हणायची, "सासऱ्यानं मेंढरामागं फिरायचं, ह्येनी फडामागं. मला सारखंच." ती कधी बघायला गेली नाही. तिला कुणी नेलं नाही आणि तिनं म्हटलंही नाही. मी सातवी-आठवीत असताना एकदा शाळेतल्या मुली तुणतुण्याचा आवाज तोंडानं काढून हसल्या. कॉलेजचा फॉर्म भरताना वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'शेती' लिहिलं. ते खोटं नव्हतं. मैत्रिणींना सांगितलं की आबा हंगामात कारखान्यावर असतात. ते खोटं होतं. पुढं गुडघे धरले तेव्हा आबांनी फडाबरोबर हिंडणं सोडलं. फडही मोडला. मला मनातून सुटल्यासारखं झालं.

पाहणीला तहसीलचे अव्वल कारकून आले. बुटके, घामाघूम, काखेत फाइल. रंगमंचाच्या पायरीशी तात्यांनी त्यांच्या चपलांकडं नुसतं बघितलं. ते काही न बोलता चपला काढून वर चढले, पायाला गार दगड लागल्यावर जरा थांबले, मग हिंडून बघितलं. माझा अर्ज त्यांना आवडला. म्हणाले, असा नीट अर्ज या तालुक्यात पहिल्यांदा बघतोय. मी ताठ झाले. मग ते दुसऱ्या पानावर आले.

"हौशी मंडळींचं नाटक झालं. त्यानंतर चार वर्षांपूर्वी खत आलं. मधे काय होतं?"

मी म्हटलं, "मधे बंद होतं."

"आणि खत आल्यावर?"

"तेव्हाही बंदच."

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले की मग अवघड आहे. जागा रंगमंच म्हणून लावायची तर ती रंगमंच म्हणून वापरात आहे असं दिसलं पाहिजे. एकवीस वर्षं बंद असलेल्या जागेला मी रंगमंच कसं म्हणू? चौथरा आहे, पडदे आहेत, मान्य. पण जात्यात दळलं नाही तर ते दगडच, नाही का. हा त्यांचा स्वतःचा दाखला होता आणि त्यांना तो आवडल्यासारखा दिसला. गुरुजी खाली बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं, पण बरं केलंत म्हणून बसले होते. अव्वल कारकुनांनी फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि सांगितलं की काही पुरावा असेल तर पुढच्या सोमवारी कचेरीत आणा. नाही आणला तर गोदाम.

ते गेले. खतवाल्याच्या माणसानं लगेच चौथऱ्याला पावलं टाकून लांबी मोजायला घेतली. चपला घालून. तात्या त्याला काही बोलले नाहीत, आणि मला तेव्हा कळलं की काहीतरी मोडलंय. ते पडद्याच्या दोराशी उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, "बाई, तुमी बंद हुतं म्हनला."

त्यांनी दोर हातात घेतला.

"मंग मी वढत हुतो ते काय हुतं?"

मी म्हटलं, तात्या, तमाशा सांगून उपयोग झाला नसता, उलट नाव गेलं असतं. ते म्हणाले की नाव कुणाचं, थेटराचं का तुमचं. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात. त्यातला एक लहान फड निघायच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, या रंगमंचावर यायचा. खंडेनवमीला जो तो आपल्या हत्याराची पूजा करतो. शेतकरी नांगराची, सुतार पटाशीची. इथं घंटेची, पडद्याच्या दोराची, ढोलकी-तुणतुण्याची पूजा व्हायची. तीन घंटा द्यायच्या, पडदा उघडायचा आणि वर्षाचा पहिला गण, म्हणजे तमाशा सुरू होताना म्हणायचं गणपतीचं गाणं, इथं म्हणायचा. मग फड गावोगाव जायला मोकळा. पुढं थेटरात फड लावणं थांबलं, व्हिडिओ आला, केबल आली, खत आलं, तो फडही मोडला, तरी खंडेनवमीला उरलेली चार माणसं येऊन गण म्हणून जात. समोर पोती. पोत्यांवर दहा-बारा हमाल बसलेले. गेल्या साली सुद्धा, तेव्हा मी अजून नोकरीला लागले नव्हते.

"आन दरसाली परवानगी काढून," तात्या म्हणाले. "तहसीलचा शिक्का, पोलिसाचा शिक्का. मी सांगून ठिवलेलं, कागदाशिवाय घंटा न्हाय. चार मानसं असू द्या न्हायतर चारशे."

मी विचारलं की ते कागद कुठं आहेत. तात्या माझ्याकडं बघत राहिले.

"तुमच्या आबाकडं. दुसरं कुनाकडं असनार?"

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं मी कुणाची ते. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? तात्या म्हणाले की तुमच्या आबानंच सांगून ठेवलं होतं. पोरगी वाचनालयात लागली हाय, वळख दावू नका. एवढं बोलून ते खतवाल्याच्या त्या माणसाला चपला काढायला सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आबा गोठ्यासमोर शेळ्यांना पाला टाकत होते. मीही एक डहाळी उचलून टाकली. मग विचारलं, "आबा, इंदापूरच्या थेटरात तुम्ही वाजवायचा का?"

"कोन इचारतंय?"

"तहसील."

"तहसील इचारतंय व्हय," आबा म्हणाले. "मला वाटलं तू."

त्यांनी पाला टाकून संपवला, हात धुतले, आणि आतून लोखंडी पेटी ओढत आणली. तळाला खताच्या पोत्याच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी होती, तिला सुतळी. आत कागद. आबांना वाचता येत नाही. फडाच्या मालकानं सगळ्या परवानग्या त्यांच्याचकडं ठेवायला दिल्या होत्या. का, तर ज्याला वाचता येत नाही तो त्यात फेरफार करणार नाही, आणि हा दारू पीत नाही म्हणून हरवणारही नाही. मालकाचं हे बोलणं सांगताना आबांना हसू आलं. ते म्हणाले, "शाळा शिकलो असतो तर ही बी नोकरी मिळाली नसती."

मग मला म्हणाले, वाच. मी ऐकतो.

मी ओसरीवर बसून एकेक कागद वाचला. प्रत्येकावर तेच. जागेचं नाव, कारण, वेळ दुपारची, शिक्के, आणि खाली कलावंतांची यादी. ढोलकी अमुक, हलगी तमुक, गायिका, नाच्या, सोंगाड्या. आणि शेवटच्या ओळीत 'तुणतुणे व झील', पुढं आबांचं पूर्ण नाव. माझं आडनाव. आबा मधेच थांबवून सांगत की त्या साली ढोलकीवाला तापानं पडला होता, कागदावर नाव आहे पण वाजवलं त्याच्या भावानं. एका साली गायिकेला पोर झालं होतं आणि पोर रंगपटात तात्यांच्या मांडीवर झोपलं होतं. मी वाचत गेले. एकवीस वर्षांचे एकवीस कागद निघाले, एक उंदरानं अर्धा खाल्लेला, पण त्याच्यावरही शेवटची ओळ शाबूत होती. पहिल्या कागदाच्या वर्षी मी दोन वर्षांची होते.

वाचून झाल्यावर आबा म्हणाले, "ह्ये दिलंस की तितं तुझं आडनाव बी जानार. इचार करून दे. माझं काय न्हाय, मी लपलेला न्हवतो."

मी कागद सालाप्रमाणं लावायला घेतले. आई दारात उभी होती. तिनं कागदांकडं बघितलं आणि विचारलं की जेवायचं का आता.

सोमवारी कचेरीत मी, गुरुजी, तात्या आणि खतवाला. तात्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. मी नवीन अर्ज नेला नव्हता. जुन्याच अर्जाच्या दुसऱ्या पानाला एक कागद जोडला होता, हातानं लिहिलेला, त्यात त्या एकवीस वर्षांत काय झालं ते चार ओळींत होतं, आणि मागं एकवीस परवानग्या. अव्वल कारकुनांनी त्या पत्ते लावावेत तशा टेबलावर लावल्या. शिक्के बघितले. दोन शिक्क्यांखाली त्यांच्याच कचेरीतल्या जुन्या साहेबांची सही होती, ती त्यांनी ओळखली. मग शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्या अर्जावरची सही बघितली.

"हे तुमच्यातले कोण?"

"माझे वडील."

"मग हे अर्जात का नव्हतं?"

गुरुजी काहीतरी बोलायला लागले होते. मी म्हटलं, "मला लाज वाटत होती, म्हणून लिहिलं नाही. बंद होतं हे मी खोटं सांगितलं."

कचेरीत पंखा फिरत होता. पलीकडच्या टेबलावरचा कारकून शिक्का मारायचा थांबला आणि मग पुन्हा मारायला लागला. एवढंच झालं. मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार लहान होतं.

खतवाल्यानं नम्रपणे हरकत घेतली. साहेब, कागद खरे आहेत, मी स्वतः बघितलंय यांना येताना. पण तमाशा म्हणजे काय नाटक झालं का? अर्जातच म्हटलंय सभ्य आणि कौटुंबिक म्हणून. माझेच शब्द त्यानं माझ्यासमोर ठेवले, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

अव्वल कारकून तात्यांकडं वळले. विचारलं की नाटकाला तुम्ही काय करत होता.

"तीन घंटा द्याच्या आन पडदा वढायचा."

"आणि तमाशाला?"

"तीन घंटा द्याच्या आन पडदा वढायचा."

"काहीच फरक नाही?"

तात्यांनी जरा विचार केला. "नाटकाला मानसं उशिरा येत्यात," ते म्हणाले. "वकील लोक."

अव्वल कारकुनांनी हसू दाबलं आणि नियमाचा कागद काढून वाचला. रंगमंच असावा, समोर प्रेक्षक असावेत, रीतसर परवानगी असावी. पुढं कागद उलटून बघितला, मागं काही नव्हतं. म्हणाले, "यात सभ्य हा शब्द मला कुठं दिसत नाही. परवानगी आहे, रंगमंच आहे. हमाल पोत्यांवर बसून ऐकत होते म्हणता, म्हणजे प्रेक्षकही आहेत." मग त्यांनी लाल पेन घेऊन माझ्या अर्जातले 'सभ्य व कौटुंबिक' हे शब्द आडव्या रेघेनं कापले, वर सही केली आणि मला म्हणाले, तुम्हीही करा. त्या अर्जात तेवढी एकच खाडाखोड आहे. मी सही केली.

निघताना त्यांनी एक अट घातली. माडीच्या जिन्याचं दार बुजवलंय ते उघडा. एवढ्या माणसांना बाहेर पडायला दारं कमी पडतात, आग लागली तर काय कराल? भिंत त्या कारणानं पडली. त्यात बायकांना परत आणायचा वगैरे विचार नव्हता, आणि मी पुढं कितीतरी लोकांना तसा तो असल्याचं सांगताना ऐकलं, म्हणून इथं लिहून ठेवते.

खतवाल्यानं दोन महिन्यांत पोती हलवली. जाताना त्यानं हमालांकडून जमीन धुवून दिली. तरी युरियाचा वास वर्षभर गेला नाही.

त्या साली खंडेनवमीची परवानगी मी काढली. कलावंतांची यादी माझ्या अक्षरात. शेवटची ओळ लिहिताना 'तुणतुणे व झील' एवढं लिहिलं, दोन टिंबं दिली आणि पुढं नाव पूर्ण लिहिलं. दुपारी तात्यांना कागद नेऊन दिला. त्यांनी तो उलटा धरून बघितला, शिक्का कुठं आहे ते बोटानं चाचपलं, घडी करून घंटेखाली ठेवला आणि हळदी-कुंकू वाहायला बसले.

आईला मी कन्हेरीहून बरोबर आणलं होतं. एसटीत ती एकदाच, निमगावला, म्हणाली की शेळीला पाणी दाखवायचं राहिलं. जिन्याच्या दारात तिनं चपला काढल्या. मी म्हटलं, आई, माडीवर चालतात चपला, खाली रंगमंचावर काढतात. ती म्हणाली असू दे. गावातल्या पंधरा-वीस बायका आल्या होत्या. काही लहानपणी या जिन्यानं चढलेल्या, त्या आम्हाला कुठली पायरी खचलीय ते सांगत होत्या.

खाली आबा आणि तिघंजण. ढोलकीवाल्याचे केस पांढरे झाले होते. गायिका आली नव्हती, तिच्या जागी हलगीवालाच गाणार होता. आबांनी नवीन धोतर नेसलं होतं आणि गुडघ्याला पट्टी बांधली होती, ती धोतरातून दिसत होती. पहिली घंटा झाली, दुसरी झाली. तिसरीला तात्यांनी जरा उशीर केला, का ते माहीत नाही. मग पडदा उघडला. मागं राजवाडा होता. आबा सगळ्यांत मागं, कोपऱ्यात, राजवाड्याच्या पायरीवर उभे असल्यासारखे.

गण दहाएक मिनिटांचा. आबांचं काम ओळ संपली की ती उचलायची. आवाज थोडा फाटला होता, पण वर गेला आणि पत्र्याला लागून परत आला. मी आईकडं बघत होते. ती कठड्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती आणि एकदाही हलली नाही. पडदा पडल्यावर बायका उठून बोलायला लागल्या तरी ती तशीच.

मग म्हणाली, "मागंच हुबं ऱ्हायचं व्हय ह्येनी?"

मी म्हटलं, हो, झीलकरी मागंच असतो.

"एवढ्या सालात सांगितलं न्हाय," ती म्हणाली. पदरानं तोंड पुसलं आणि उठली. जिन्यावरून उतरताना खचलेली पायरी तिनं बरोबर चुकवली. खाली आल्यावर म्हणाली, "फुडल्या साली येताना बसायला कायतरी आनू. फळी टोचती."